इथवर समुद्र होता

मित्रांनो, कडुनिंबाच्या फांदीला टांगलेला मी तुम्हाला दिसलो, तर कुणीतरी टाकून दिलेलं मोडकं भांडं आहे असंच वाटेल. तसं समजू नका. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. फिरकी मात्र आता माझ्याजवळ नाही. ती कशी गेली ते सांगायचं, तर आधी समुद्राचं सांगावं लागेल. आणि समुद्राचं सांगायचं, तर त्याआधी जळगावच्या सायरबाईंचं.

माझा जन्म नाशिकच्या तांबटआळीत झाला. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून माझं पोट घडवलं, मग मानेला आटे पाडले आणि त्यावर फिरकीचं झाकण बसवलं. कारागिरानं मला पाणी भरून उलटं टांगलं आणि आपण जेवायला निघून गेला. परत आल्यावर खालची जमीन हातानं चाचपून पाहिली. कोरडी होती. "आता हा कुठंही जाऊ दे," तो म्हणाला, "आतलं बाहेर येणार नाही." ते माझं पहिलं कौतुक. त्या दिवसापासून मी हेच समजत आलो की, आतलं बाहेर येऊ न देणं हाच आपला धर्म.

सायरबाई लग्न होऊन अमळनेरला गेल्या, तेव्हा आहेराच्या भांड्यांत मी होतो. धुळ्याच्या बाजारात, तीर्थाच्या धर्मशाळेत, नातेवाइकांच्या लग्नांत मी त्यांच्या हातात असे. त्या उकळून गार केलेलं पाणीच पीत. त्यामुळं प्रवासात माझ्यावाचून त्यांचं पान हलत नसे. पुढं त्यांचे यजमान वारले. मूलबाळ नव्हतं. भाऊ फुलचंद त्यांना जळगावला घेऊन आले. फुलचंदांचं कापडाचं दुकान होतं, घर मोठं होतं, मन वाईट नव्हतं. बोलणं तेवढं फटकळ.

त्याच चातुर्मासात सायरबाईंनी जैन साध्वीजींसमोर हात जोडून एक व्रत घेतलं. दिशांचं व्रत. पूर्वेला भुसावळ, दक्षिणेला जामनेर, उत्तरेला यावल, पश्चिमेला अमळनेर. यापलीकडं जन्मात पाऊल टाकायचं नाही. माणूस जितका कमी फिरेल तितके त्याच्या पायाखाली कमी जीव जातील, असं त्या व्रतामागचं म्हणणं. मोठं व्रत आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्या दिवशी सायरबाईंनी मला पुसून फडताळाच्या वरच्या खणात ठेवलं, फिरकी आवळून. जिला कुठं जायचं नाही तिला प्रवासाचा तांब्या कशाला? त्या खणात मी कित्येक वर्षं बसून होतो. आत अंधार, बाहेर अंधार. आत काहीच नसताना बंद राहणं फार जड जातं, मित्रांनो.

खालून घरातले आवाज तेवढे येत. सायरबाई पहाटे पाणी गाळत. गाळण्यात जे बारीक जीव अडकत, ते ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडून येत. "जीव ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात," हे त्यांचं वाक्य मला पाठ झालं होतं. चूल पेटवण्याआधी प्रत्येक गोवरी, प्रत्येक लाकूड जमिनीवर ठोकून बघत. आत मुंगी असेल, भुंगा असेल, तर तो निघून जावा. फुलचंद हसत. "जीजी, तुमचा स्वयंपाक म्हणजे आधी दारावर टकटक, मग चहा."

मला पुन्हा उजेड दाखवला तो लाडीनं. तिचं पूर्ण नाव लाडकुंवर. फुलचंदांची मुलगी, तेव्हा सातवीत. सायरबाई तिची आत्या, पण मारवाडी घरात आत्याला भुआ म्हणतात. लाडीच्या शाळेची सहल निघाली होती. सुरतेजवळ डुमसला, समुद्रावर. आमच्या खानदेशातून समुद्राला जायचं तर तापीच्या काठाकाठानं जाणारी सुरतेची गाडी धरायची. तेव्हा तिला कोळशाचं इंजिन असे. लाडीलाही भुआसारखंच उकळलेलं पाणी लागे, म्हणून मला खाली काढलं. गल्लीत कल्हईला बसणाऱ्या गनीभाईंनी मला आतून नवी कल्हई करून दिली. आतून मी चांदीसारखा झालो. गनीभाईंची मुलगी कनीज लाडीच्याच वर्गात होती. भाता ओढता ओढता ती मला म्हणाली, "चल रे म्हाताऱ्या, तुला पण सहल."

निघायच्या आदल्या दिवशी सायरबाई माझ्यात पाणी ओतत होत्या. ओतता ओतता थांबल्या.

"लाडे, एक विचारू?"

"विचार ना भुआ."

"त्याला पलीकडचा काठच दिसत नाही म्हणतात. खरं असेल का गं?"

लाडी काही बोलणार, तोच त्यांनी मान हलवली. "नको, जाऊ दे. जिकडं जायचं नाही तिकडचं विचारूही नये." आणि फिरकी आवळली.

मी इतकी वर्षं त्यांच्या हातात राहिलो, पण त्यांनी स्वतःसाठी काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. लाडीनंही ऐकलं होतं.

डुमसची वाळू काळी. उतरल्याबरोबर मुलं किनाऱ्यावर पोचली आणि एकदम थबकली. मग कुणीतरी किंचाळलं आणि सगळी पाण्याकडं धावली. लताबाई, म्हणजे त्यांच्या बाई, "रांगेत, रांगेत" म्हणत मागं राहिल्या आणि शेवटी आपणच चपला हातात घेऊन पाण्यात उतरल्या. कनीजनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"अशी आमटी माझ्या अम्मीनं केली असती, तर अब्बांनी भांड्यासकट कल्हईच्या भट्टीत घातली असती."

असोद्याची शेवंता लाटेला पाठ देऊन उभी राहिली, लाट आली आणि ती बसलीच. बसूनच हसत राहिली. आमच्या मुलांनी पाणी पाहिलेलं ते विहिरीचं, नदीचं. कुठंतरी संपणारं. लाडी मात्र गुडघाभर पाण्यात उभी राहून समोर बघत होती. डोळ्यांवर हात धरून, भुवया ताणून. पलीकडचा काठ शोधत होती.

मग ती परत आली, मला उचललं, फिरकी काढली आणि माझ्यातलं सगळं पाणी वाळूवर ओतून दिलं.

"अगं, वेडी आहेस का?" कनीज म्हणाली. "पिशील काय?"

"हा भुआसाठी आहे." लाडीनं मला लाटेत आडवं धरलं. "तिला येता येत नाही ना. मग यालाच तिच्याकडं नेऊ."

लाट माझ्यात शिरली. थंड, खारट, वाळूनं भरलेली. त्याच लाटेबरोबर आणखी एक काहीतरी आत आलं आणि माझ्या बुडाशी टक्कन आपटलं. एक छोटासा वळणदार शंख. लाडीला तो दिसला नाही. तिनं घाईनं झाकण बसवलं आणि एक थेंब सांडू नये म्हणून सारा जीव एकवटून पिळलं. आट्यांमध्ये वाळू करकरली. मला तेव्हाच कळलं की, ही फिरकी आता सहज निघायची नाही.

आणि मग, आतल्या अंधारात, त्या शंखानं पाय बाहेर काढले.

मित्रांनो, शंखात राहणारा तो लहानसा खेकडा होता. तो माझ्या बुडाशी एकदा फिरला, भिंत लागली. पुन्हा फिरला, पुन्हा भिंत. मग थांबला आणि नांगीनं मला टोचू लागला. टिक. टिक. मी ओरडलो असतो, पण तांब्याला आवाज असतो तो बाहेरून कुणी वाजवला तरच. आतलं बाहेर येऊ न देणं, ज्याचं मला लहानपणापासून कौतुक होतं, त्याची त्या दिवशी मला प्रथम लाज वाटली. ज्याच्यासाठी मला घडवलं होतं तेच मी करत होतो, आणि तुरुंग झालो होतो.

परतीच्या गाडीत लाडी मला मांडीवर घेऊन बसली. ऊन उतरल्यापासून तिच्या घशाला कोरड पडली होती. कनीजनं आपली बाटली पुढं केली.

"उकळलेलं नाही ना," लाडी म्हणाली.

"नंदुरबारला चहावाल्याकडून उकळलेलं मागू," लताबाई म्हणाल्या.

"तोवर सूर्य मावळेल बाई. मग मी सकाळपर्यंत काही घेत नाही."

लताबाईंनी कपाळाला हात लावला. कनीजनं बाटलीचं झाकण लावून ती पिशवीत ठेवून दिली.

"तू पी की," लाडी म्हणाली.

"राहू दे. समज आज माझा रोजा."

"रोजा सूर्य मावळल्यावर सोडतात ना?"

"मग उलटा रोजा," कनीज म्हणाली आणि तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. गाडी धडधडत होती. टिक, टिक, आतून चालूच होतं. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

सकाळी घरी आल्यावर लाडीनं पाणी पिण्याआधी मला भुआच्या पुढ्यात ठेवलं.

"भुआ, डोळे मीट. आता हात लाव. यात समुद्र आहे."

सायरबाईंनी माझ्या पोटावर तळहात ठेवला. तो माझ्या मानेपासून बुडापर्यंत फिरवला. मग डोळे उघडून हळूच म्हणाल्या, "गाळून आणलंस ना?"

"समुद्र कसा गाळू, भुआ?"

सायरबाईंचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत, कधीच रागावत नसत. फक्त म्हणाल्या, "दोष तुझा नाही. मी विचारायला नको होतं." आणि झाकण उघडायला गेल्या. उघडेना. लाडीच्या आईनं ओलं फडकं धरून पाहिलं. फुलचंदांनी दाराच्या फटीत फिरकी अडकवून पिळली. दार कुरकुरलं, मी तसाच. "हा समुद्र आता जन्मभर जपून ठेवा," ते म्हणाले आणि दुकानावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गनीभाई गल्लीत कडुनिंबाखाली भट्टी लावून बसले, तेव्हा लाडी मला घेऊन गेली. सायरबाई ओट्यावर उभ्या राहिल्या. असोद्याहून भाजी घेऊन येणाऱ्या सुंदरबाईंनी तिथंच पाटी उतरवली होती.

"काही नाही अक्का," गनीभाई मला फिरवून बघत म्हणाले. "आट्यात रेती बसलीय. निखाऱ्यावर जरा तापवला की पितळ फुगतं आणि फिरकी आपोआप सुटते. कनीज, मार भाता."

कनीजनं भाता दाबला. निखारे लाल झाले. गनीभाईंनी मला सांडशीत धरलं. मला खालून धग लागू लागली. आतला जीव एकदम गप्प झाला. मी किती घाबरलो असेन, तुम्हीच विचार करा. पाणी तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलं की त्याच्यातून पळायला जागा नसते.

"थांबा गनीभाई." सायरबाई पायऱ्या उतरून खाली आल्या. "विस्तवावर ठेवण्याआधी एकदा ठोकून बघू द्या."

गनीभाई हसले. "अक्का, लाकडात मुंगी असते. तांब्यात कुठली?"

"सवय आहे हो. हात नाही राहत."

त्यांनी मला घेतलं, बोटाच्या पेरानं तीन वेळा हळू ठोकलं, गोवरीला ठोकतात तसंच, आणि कान लावला.

मित्रांनो, त्या क्षणी मी माझं सारं पितळ आवरून धरलं. आतून उत्तर आलं. टिक.

सायरबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मला सुंदरबाईंच्या कानाशी नेलं. सुंदरबाई मागं सरकल्या. "माय वं, आठे ते जित्ता जीव शे."

भाता थांबला. लाडी रडू लागली. कनीजनं तिचा हात धरला.

"आता तापवायचं नाही," सायरबाई म्हणाल्या. "दुसरा उपाय?"

"दुसरा एकच," गनीभाई म्हणाले. आता ते हसत नव्हते. "छिन्नीनं मान कापावी लागेल. पण अक्का, मग हा तांब्या प्रवासाचा राहणार नाही. तुमच्या लग्नातला ना?"

"कापा."

"एकदा विचार—"

"कापा, गनीभाई."

छिन्नीचा घाव कसा लागतो ते मी सांगत बसत नाही. घाव बसत होते आणि माझ्या पोटात ते घणघणत होते. त्या बिचाऱ्या जीवाला वाटलं असेल आभाळ कोसळतंय. शेवटी फिरकी मानेसकट वेगळी झाली आणि ऊन माझ्या तळापर्यंत आलं. सगळ्यांची डोकी माझ्यावर वाकली. बुडाशी शंख पडला होता, निपचित. मग शंखाच्या तोंडातून एक पाय आला. मग दुसरा. कनीज आधी हसली आणि मग तिला रडू आलं.

सायरबाईंनी गाळण्याचं स्वच्छ कापड माझ्या कापलेल्या तोंडावर सैलसर बांधलं. फुलचंद जेवायला घरी आले तेव्हा त्या दारातच होत्या.

"जीव ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात," त्या म्हणाल्या.

फुलचंदांनी टोपी काढून खुंटीला लावली. "जीजी, तापी सुरतेलाच जाते. यावलच्या रस्त्याला लागलं की नदी. सोडून देऊ, तो पोचेल आपला आपण."

"तापी गोड आहे, काका," कनीज दाराबाहेरून म्हणाली. "तो खारा आहे."

"तू कोण, खेकड्याची वकील?"

सायरबाईंनी हात जोडले. भावाकडं नव्हे, आत देवघराकडं. "तो पोचला असं मला कळेपर्यंत मला पाणी नाही."

सायरबाई बोललेलं मागं घेत नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फुलचंदांनी टोपी पुन्हा खुंटीवरून काढली. "तुमचे नियम आणि माझे पाय," एवढंच ते म्हणाले. "तसंही सुरतेला माल बघायचाच होता. लाडे, चल. ज्यानं आणलं त्यानंच पोचवायचं."

"मीही येते," सायरबाई म्हणाल्या.

फुलचंदांनी चमकून पाहिलं.

"अमळनेरपर्यंत," त्या म्हणाल्या.

गाडीत मी लाडीच्या मांडीवर होतो आणि सायरबाईंचा हात माझ्यावर. कापड वाऱ्यानं फडफडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा प्रवासात माझं तोंड उघडं होतं. थोडं पाणी हिंदकळून सांडत होतं आणि कुणी मला त्याबद्दल बोलत नव्हतं. अमळनेर आलं. सायरबाई उतरल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या. शिट्टी झाली, गाडी हलली. त्या गाडीबरोबर चार पावलं चालल्या, आणि फलाटाच्या टोकाच्या पाटीशी येऊन थांबल्या. तिथं कुंपण नव्हतं, भिंत नव्हती. मला मात्र दिसलं की, माझ्या फिरकीपेक्षा त्यांच्या व्रताची रेघ घट्ट होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं आवळली होती. पदर सावरून त्या गाडी वळेपर्यंत आमच्याकडं बघत राहिल्या.

डुमसला लाडीनं मला ओल्या वाळूवर आडवं ठेवलं. तो लगेच बाहेर पडला नाही. इतके दिवस भिंतीला धडकलेला. समोर भिंत नाही हे त्याला पटेना. माझ्या तोंडाशी येऊन तो थबकला. फुलचंद वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. "अरे, जा की बाबा," ते हळूच म्हणाले, "तिकडं एक बाई तहानलेली आहे." एक लाट आली, मला वेढून मागं सरली. वाळूवर बारीक पावलांची नक्षी तेवढी राहिली.

लाडीनं मला पुन्हा भरलं नाही. रिकामाच परत नेलं.

अमळनेरला सकाळी सायरबाई फलाटावर बाकावर बसल्या होत्या. ओठ सुकले होते. शेजारी उकळलेल्या पाण्याचा गडू, वर वाटी पालथी घातलेली. त्यांनी काही विचारायच्या आत लाडी म्हणाली, "पोचला, भुआ."

सायरबाईंनी डोळे मिटले, हात जोडले, पण गडूला हात लावला नाही. आधी मला मांडीवर घेतलं आणि आत पाहिलं. माझ्या कल्हईवर, पोटाच्या मध्याशी, मिठाची एक पांढरट रेघ वाळून बसली होती. त्या रेघेवर त्यांनी गोल बोट फिरवलं.

"इथवर होता का समुद्र?"

"हो भुआ. इथवर होता."

"आणि पलीकडचा काठ?"

"नाही दिसत. मी दोन्ही वेळा पाहिलं."

सायरबाईंनी मान हलवली. मग त्या पाणी प्यायल्या.

मित्रांनो, मान कापलेला तांब्या कुणाच्या कामाचा? मला वाटलं, आता मोडीत जाणार. पण सायरबाईंनी माझ्या कडेला दोन भोकं पाडून घेतली, तार ओवली आणि गनीभाईंच्या भट्टीवरच्या कडुनिंबाला मला टांगलं. चिमण्या येतात, साळुंक्या येतात, उन्हाळ्यात एक खारही येते. आज लाडीची मुलं मला पाणी घालतात. सायरबाई होत्या तोवर त्या स्वतः घालत. राखेनं कितीही घासलं तरी ती रेघ गेली नाही, आणि त्या मला कधीच काठोकाठ भरत नसत. बरोबर त्या रेघेपर्यंत भरत आणि क्षणभर आत बघत.

तुमच्याजवळ मागणं एवढंच. तुम्ही सहलीला जाल, डबे, बाटल्या, पिशव्या भरून आणाल. खुशाल आणा. पण झाकण लावण्याआधी एकदा आत वाकून बघा. आणि लावून झालंच असेल, तर विस्तवावर ठेवण्याआधी ठोका. ठोकल्यावर नुसते निघून जाऊ नका. कान लावून थोडं थांबा. आतल्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.